जुन्याची चिमूट

घोडबंदर रोड, ठाणे
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय जोॲन,

देव तुला बरी ठेवो. पत्र बघून हसशील, पण मला आता फोनवर काही म्हणता काही ऐकू येत नाही. कानातलं मशीन लावलं की नुसती शिट्टी वाजते, म्हणून ते कपाटात टाकलंय. मार्विन बोलतो, मम्मी मेसेज टाइप कर. त्या एवढ्याशा काचेवर माझं एक बोट तीन अक्षरांवर पडतं. सातवीपर्यंत फादरांच्या मराठी शाळेत अक्षर गिरवलंय, ते काय फुकट घालवू?

मार्विन तुझ्या कंपनीच्या गेटवर हे पत्र आणि एक पिशवी देईल. पिशवीत बाटली आहे, सांभाळून धर. बियरची तपकिरी बाटली, बूच मेणाने बंद केलेलं. २०२२च्या मे महिन्यातला मसाला, त्या वर्षातली ही शेवटची. तुझ्या आईने, माझ्या फिलूने, स्वतःच्या हाताने भरलेली. मी ओतायची आणि ती काडीने ठासायची. आम्हा बहिणींचं लहानपणापासून तसंच ठरलेलं.

तीन वर्षं झाली, माझ्यासमोर कोणी तो विषय काढत नाही, म्हणून मीच काढते. तुझ्या काकाच्या, युजीनच्या सत्तरीचं जेवण. शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी मटण पुलाव शिजवला, रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर दुपारी वाढला. चार वाजेपर्यंत एकोणीस माणसं ओकत होती. अठरा बरी झाली. फिलूचं लिव्हर जुन्या काविळीने आधीच कमजोर, ती चौथ्या दिवशी गेली.

हॉस्पिटलने विषबाधा एवढंच लिहिलं. गावठाणाने माझ्या मसाल्याचं नाव घेतलं. आपल्या घरी नवा मसाला कांडला की प्रत्येक बाटलीत आदल्या वर्षीच्या मसाल्याची चिमूट घालतात, हे तुला ठाऊक आहे. माझ्या आईने घातली, तिच्या आईने घातली, आम्ही दोघींनी घातली. लोक बोलले, जॉर्जिनाच्या बाटलीत शंभर वर्षांचं कुजकं आहे. शेजारच्या ठमाबाईला मी दर वर्षी एक बाटली द्यायचे. तिने ती परत आणून माझ्या पायरीवर ठेवली.

तेव्हापासून मी मसाला केला नाही. आता नोव्हेंबरात मार्विनचं लग्न आहे, आणि मसाला एप्रिल-मेच्या उन्हातच करावा लागतो. करू की नको, तू सांग.

आणि एक. हे मार्विनला सांगू नको. मला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, कोणी दार बडवलं तरी नाही. पण दुपारी जेवणं झाली की स्वयंपाकघरातून काडीचा आवाज येतो. ठक ठक ठक, मग बाटली जमिनीवर आपटल्याचा, मग पुन्हा ठक ठक. फिलू अशीच ठासायची. मी उठून जाते तर तिथे कोणी नसतं, ओटा कोरडा असतो.

तू दिवसभर जंतूच बघतेस ना? मग या बाटलीत काय आहे ते बघ. मी फिलूला मारलं का, एवढंच मला लिहून कळव. मावशीला वाईट वाटेल म्हणून खोटं लिहू नको.

तुझी
जॉर्जिना मावशी


डोंबिवली पूर्व
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय मावशी,

तुझं पत्र गेटवरच फोडलं आणि तिथेच उभी राहिले. वॉचमनने विचारलं, मॅडम, तबियत ठीक है ना? मी हो म्हटलं आणि बाटली ओढणीत गुंडाळून आत नेली.

आमच्या कंपनीत काय चालतं ते मी तुला कधी धड सांगितलंच नाही. पोट बिघडल्यावर डॉक्टर चांगल्या जिवाणूंच्या गोळ्या देतात ना, ते जिवाणू आम्ही वाढवतो. पण जागा जिवाणू गोळीत टिकत नाही, त्याला आधी झोपवावं लागतं. उपाशी ठेवलं की तो आपल्या आत एक जाड कवचाचं बी तयार करतो. त्याला बीजाणू म्हणतात. बीजाणू खात नाही, वाढत नाही, वर्षानुवर्षं नुसता पडून राहतो. शिजवलं तरी त्यातले बरेच मरत नाहीत. पाणी, खाणं आणि ऊब मिळाली की उठतो. ते झोपले की नाही हे सूक्ष्मदर्शकातून बघायचं, हे माझं काम.

आमच्या लॅबच्या धनेश सरांना विचारून मी तुझी बाटली तपासायला घेतली. चिमूटभर मसाला पाण्यात घोळला आणि ऐंशी डिग्रीवर दहा मिनिटं ठेवला. त्यात जागे असतील ते मरतात, झोपलेले राहतात. मग ते खाणं घातलेल्या बशीत पसरले. दुसऱ्या दिवशी बशीवर पांढरे ठिपके उगवलेले.

त्यातले थोडे काचेवर घेऊन रंगवले. एक लाल रंग जिवाणूच्या बाहेरच्या पडद्याला धरतो, एक निळा आतल्या डीएनएला. खोलीतले दिवे घालवायचे आणि विशिष्ट प्रकाश सोडायचा, म्हणजे काळ्या पडद्यावर फक्त रंगलेलं तेवढं पेटतं. लाल कडांच्या दांड्या आणि पोटात निळे ठिपके. अर्ध्या तासात एकाचे दोन होत होते. मग खाणं संपत आलं, तशी एका दांडीने टोकाजवळ आडवी भिंत घातली. एक मोठा भाग, एक छोटा. मोठ्या भागाने छोट्याला चारी बाजूंनी वेढून पोटात घेतलं. त्या मोठ्या भागाला पुस्तकात आई-पेशी म्हणतात. वेढा पूर्ण झाला की आपला रंगही आतल्या छोट्यापर्यंत पोचत नाही. आई त्याच्यावर थरावर थर चढवते, आणि सगळं झालं की स्वतः फुटते.

दर दहा मिनिटांनी फोटो निघेल असं मी लावून ठेवलेलं. सकाळी येऊन ओळीने बघितले. एका फोटोत लाल कड आहे, पुढच्यात नाही, नुसता बीजाणू उरलेला. हे मी हजार वेळा बघितलंय, मावशी. या वेळी उठून बाहेर गेले आणि चहाच्या मशीनजवळ रडले.

तुझ्या बाटलीत बीजाणू आहेत. पण मी दुकानातलं मसाल्याचं पाकीटही तपासलं, माझ्या घरची धणेपूडही. दोन्हीत आहेत. ते मातीतून येतात, सगळ्यांच्या स्वयंपाकघरात असतात. बाकीचं सांगायला अजून वेळ लागेल. त्या शनिवार-रविवारी तू काय काय केलंस ते आठवून लिही.

तुझी
जोॲन


घोडबंदर रोड, ठाणे
१ मार्च २०२६

प्रिय जोॲन,

एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि मी विचारलं त्याचं उत्तर दिलं नाहीस. लहानपणी दूध मोरीत ओतून रिकामा ग्लास दाखवायचीस, तशीच अजून आहेस.

आई फुटते हे मला लिहायची काय गरज होती गं? दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोरून गेलं नाही.

त्या दिवशीचं विचारतेस. पुलाव मी केला, मसाला माझ्या बाटलीतला, हात माझा. संध्याकाळी सातला गॅस बंद केला. मग मी आणि युजीन चर्चला गेलो, हॉलमध्ये टेबलं लावायची होती. पातेलं फिलूच्या आणि तुझ्या ताब्यात होतं. रविवारी सकाळी काय झालं ते मला नीट आठवत नाही. धावपळ होती. दुपारी गरम करून वाढला, बस.

बाटली तुझ्याकडे गेली तरी आवाज थांबला नाही. आता तो अंगणातूनही येतो, जिथे आम्ही मिरच्या वाळत घालायचो. तिथे आता ऊनही राहत नाही. समोर टॉवर झालाय, दोन वाजले की त्याची सावली पायरीपर्यंत येते. सावली आली की ठक ठक सुरू होतं. मी खुर्ची घेऊन तिथेच बसून राहते. फिलूला काहीतरी सांगायचं असणार, त्याशिवाय ती इतक्या लांब यायची नाही.

तू लवकर सांग. मिरच्या सांगून ठेवायच्या की नाही ते मला कळू दे.

मावशी


डोंबिवली पूर्व
२९ मार्च २०२६

मावशी,

महिनाभर मी पत्र टाळलं. मार्विनने दोनदा फोन केला, त्याला रिपोर्ट यायचाय म्हणून सांगितलं. खरं तर रिपोर्ट केव्हाच आला होता.

मी माझ्या घरी तसाच पुलाव केला. तुझ्याच बाटलीतला मसाला घातला. शिजल्यावर दोन वाटे केले. एक परातीत पातळ पसरला, गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवला. दुसरा पातेल्यातच ठेवून घट्ट झाकण लावलं आणि पातेलं गोधडीत गुंडाळलं. सतरा तासांनी दोन्हीतले दाणे लॅबमध्ये नेले. परातीतल्या भातात शोधून एखादा जिवाणू सापडत होता. गोधडीतला भात रंगवून काचेखाली ठेवला तर पडदाभर लाल. मोजायला जागा नव्हती. मसाला एकच, मावशी. एका भातात झोपून राहिला, दुसऱ्यात उठला. आणि यांच्यातले काही विष करतात, ते परत उकळून जात नाही. त्या दिवशीचा एक दाणाही आज नाही, त्यामुळे शपथेवर कोणी सांगू शकणार नाही. पण माझी खात्री आहे.

गोधडीच का घेतली, ते मी आता लिहिते. तुम्ही दोघं चर्चला गेल्यावर मम्मीने मला सांगितलेलं, जोॲन, माळ्यावरच्या दोन पराती काढ, भात पसर, गार झाला की मावशीच्या आणि ठमाबाईच्या फ्रिजमध्ये लाव. मग ती फुलं आणायला गेली. सोमवारी माझा पेपर होता. पराती धुळीने भरलेल्या, घासाव्या लागल्या असत्या. मी झाकण लावलं आणि माझी निळी गोधडी भोवती गुंडाळली. थंडी होती, म्हटलं गरम राहील. मम्मीने आल्यावर विचारलं, भात लावलास? मी पुस्तकातून मान वर न करता हो म्हटलं.

पेपर कसला होता माहितीये? अन्नातले जिवाणू. मम्मी हॉस्पिटलमध्ये होती, तिनेच मला परीक्षेला पाठवलं. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मी लिहिलं की शिजलेला भात तासन् तास कोमट ठेवू नये. लिहिता लिहिता मला कळलं. तरी मी उत्तर पूर्ण केलं. त्या प्रश्नाला पूर्ण मार्क मिळाले.

नंतर लोक तुझ्या मसाल्याबद्दल बोलायला लागले आणि मी गप्प बसले. मला वाटलं थोड्या दिवसांनी विसरतील. ठमाबाईने बाटली परत आणली तेव्हा मी तुझ्या खिडकीत उभी होते. तरी गप्प बसले.

मला आवाज येत नाही. मला दिसतं. बसमध्ये डोळे मिटले तरी त्या लाल कडा दिसतात, आणि मग पुढच्या फोटोत नसतात. मम्मीला तू नाही मारलंस. मी मारलं. मिरच्या सांगून ठेव.

जोॲन


डोंबिवली पूर्व
१९ एप्रिल २०२६

मावशी,

तीन आठवडे झाले. मार्विन सांगत होता की तू पत्र वाचलंस, घडी करून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंस आणि ईस्टरलाही कोणाशी बोलली नाहीस. शिव्या दे, पण लिही. मी खोपटच्या बस स्टँडपर्यंत येऊन परत फिरले, एकदा नाही, दोनदा.

जोॲन


घोडबंदर रोड, ठाणे
२६ एप्रिल २०२६

जोॲन बाळा,

शिव्या कोणाला देऊ? तुझं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं, की मी नव्हते. मग त्याचीच इतकी लाज वाटली की हात उचलेना. आता लिहिते. एकदाच लिहिणार आहे, तेव्हा नीट वाच.

रविवारी सकाळचं मला आठवत नाही असं मी लिहिलेलं. ते खोटं. सहा वाजता मी स्वयंपाकघरात गेले तर पातेल्याला तुझी निळी गोधडी. मी हात लावून बघितला, पातेलं कोमट. मला वाटलं, शहाणी पोर, पातेल्याला ऊब केली. मी युजीनची शालही वरून टाकली आणि मिस्सेला गेले.

अकराला येऊन झाकण काढलं. जोॲन, मी पन्नास वर्षं भात शिजवते आहे. वास थोडा वेगळा होता, मला कळला. पण साठ माणसं चर्चमधून निघालेली, फादरही येणार होते. आता दुसरा भात कधी शिजवू? मी वरून व्हिनेगर शिंपडलं, ढवळलं, गॅसवर चांगला वाफवला आणि वाढला.

फिलू सगळ्यात शेवटी बसली. तिने तळाची खरवड घेतली, तुला माहितीये ती कशी होती, दुसऱ्याला कमी पडू नये म्हणून. पहिला घास खाऊन माझ्याकडे बघून बोलली, "जॉर्जी, भात आंबूस लागतो गं."

मी बोलले, "व्हिनेगर आहे, खा."

तिने खाल्ला. मी सांगितलं म्हणून खाल्ला.

ती खरवड तिने काढून ठेवली असती तर आज असती की नसती, ते तू मला लिहू नको. तुझी गोधडी मी त्याच दुपारी धुतली. लोक मसाल्याला नावं ठेवत होते, मी ठेवू दिली. मसाल्याचं बोलणं मला सोसत होतं, भाताचं सोसलं नसतं. बाटली तुला पाठवली ती याचसाठी. बाटलीत काही निघालं असतं तर मी सुटले असते.

तू मला तुझं सांगितलंस म्हणून मी माझं सांगितलं. अर्धं अर्धं वाटून घेऊ असं काही नाही, ते तसं वाटलं जात नाही. तुला मला तोंड दाखवायचं नसेल तर नको दाखवू. मिरच्या आल्या आहेत, अंगणात आहेत, दोन वाजता मी त्या उन्हाकडे ओढते.

मावशी


डोंबिवली पूर्व
२९ एप्रिल २०२६

मावशी,

तुझा राग आला. खूप आला. मम्मीने सांगितलं आणि तू तरी तिला खा म्हटलंस, हे वाचून मी पत्र चुरगाळून कचऱ्यात टाकलं आणि परत काढलं. मग वाटलं, मी तिला हो म्हटलेलं तेही तिने असंच मानलं. आपण दोघींनी सांगितलेलं तिने खरं धरलं, मावशी.

राग अजून आहे. तरी शनिवारी येते, तुझी बाटली घेऊन. ठासायची काडी टाकली नसशील तर काढून ठेव.

बाटलीतला थोडा मसाला माझ्या ड्रॉवरमध्ये छोट्या काचेच्या नळीत आहे. नियमाने काम झाल्यावर तो दाबाच्या वाफेत घालून संपवायचा असतो. दोनदा नेला आणि दोनदा परत आणला. चिमूट घालायची की नाही ते तू ठरव. धोका चिमटीत नाही, एवढं मी लिहून देऊ शकते.

जोॲन


घोडबंदर रोड, ठाणे
१७ मे २०२६

प्रिय जोॲन,

तू आलीस त्याला पंधरा दिवस झाले. तेव्हा मी फारशी बोलले नाही, तूही नाही, आणि युजीन बिचारा सारखा सरबत करून आणत होता. त्याला वाटलं आपण भांडलोय.

एक सांगायचं राहिलं. तू अंगणात बसून अकरा बाटल्या ठासल्यास. काडी फिलूची, बसणं फिलूसारखं, एक गुडघा वर. मी ओतत होते. मध्येच मी मुद्दाम डोळे मिटले. बाटली तू जमिनीवर आपटत होतीस ते मला तळपायाला कळत होतं. पण कानात काही नाही. तीन वर्षं रोज ऐकलेला आवाज, आणि माझ्यासमोर खराखुरा होत होता तेव्हा मला ऐकू आला नाही. बहिरीला कुठून येणार?

त्या दिवसापासून तो येत नाही. मी रोज दुपारी खुर्ची घेऊन बसते. सावली येते, काही वाजत नाही. फिलू आता गेली. मला वाटलेलं की हे थांबलं की सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही गं. मला तिची सवय झालेली, वाट बघायचे मी. घर फार शांत झालंय.

तू हात धुवायला गेलीस तेव्हा मी बारा नंबरची बाटली भरली आणि जुन्याची चिमूट सगळ्या बाराही बाटल्यांत घातली. विचारलं नाही तुला. तिच्या हातचं तेवढंच होतं. तुझ्या ड्रॉवरमधली नळी तू वाफेत घाल. दोन ठिकाणी नको ठेवायला.

एक बाटली घेऊन मी ठमाबाईकडे गेले. बसून तिला सगळं सांगितलं, वास आलेला तेही, व्हिनेगरचंही. गोधडीचं सांगितलं, कोणाची ते नाही. ती बराच वेळ काही बोलली असेल, मला ऐकू आलं नाही, आणि मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. निघताना बाटली तिच्या ओट्यावर होती. अजून परत आलेली नाही.

मार्विन लग्नाचं जेवण केटररला देऊ म्हणतो. मी नाही म्हटलं. पुलाव मी करणार, मसाला हाच. तू आदल्या दिवशी दुपारीच ये. माळ्यावरच्या दोन्ही पराती काढून, घासून, उन्हात पालथ्या घालून ठेवल्यात. शिजवून मी देईन. पसरायचं तू.

तुझी
जॉर्जिना मावशी